बारा लाख नव्याण्णव हजार सातशे नऊ

ताईच्या घरी सकाळी सात वाजता दांडा फिरायला लागायचा. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या तो आवाज इतका अंगवळणी पडला होता, की एखाद्या दिवशी आला नाही तर त्या गळ्यातली टेप तशीच ठेवून जिना चढून यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "काय हो, बरे आहेत ना सगळे?"

यंत्र होतं आकडेमोडीचं. टाइपरायटरएवढं, काळं, लोखंडी, उजव्या कुशीला दांडा आणि वर आकडे दाखवणारी खिडकी. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. ताईचे वडील, अण्णा, वेधशाळेत मुख्य गणक होते. कचेरीत नवी यंत्रं आली आणि जुनी भंगारात निघाली, तेव्हा हे एक त्यांनी उचलून घरी आणलं. ताईची आई तेव्हा होती. तिनं त्याचं नाव 'घाणा' ठेवलं. जेवायला हाक मारली आणि अण्णा आले नाहीत, की ती म्हणायची, "बसलेत घाण्याला. तेल निघालं की येतील."

त्या यंत्रावर भागाकार करायचा म्हणजे एक संख्या दुसरीतून पुन्हा पुन्हा वजा करत राहायची. जितके फेरे तितका भाग. पण कुठं थांबायचं ते यंत्राला कळत नाही. होतं त्याहून जास्त काढून घेतलं, की आतली छोटी पितळी घंटा वाजते. टिंग. मग गणकानं मुकाट्यानं एक फेरा उलटा घ्यायचा. "शून्यावर घंटा वाजत नाही," अण्णा मुलांना शिकवायचे. "नसलेलं काढून घेतलंत, तरच वाजते."

मुलं दोन. थोरली ताई, आणि तिच्या पाठीवर पाच वर्षांनी झालेला एक्का. तो होईपर्यंत ती घरात 'बाळ' होती. तो बोलायला लागला आणि अण्णांसकट सगळेच तिला ताई म्हणायला लागले. एक्क्याला एक्का का म्हणायचे, त्याची गोष्ट अण्णांच्या खेळात आहे.

खेळ साधा होता. एक संख्या घ्यायची. तिच्याहून लहान अशा ज्या ज्या संख्यांनी तिला पुरता भाग जातो, त्या शोधायच्या आणि त्यांची बेरीज करायची. बेरीज येईल ती नवी संख्या. तिचंही पुन्हा तसंच. बाराला एक, दोन, तीन, चार आणि सहानं भाग जातो. बेरीज सोळा. सोळाची पंधरा, पंधराची नऊ, नवाची चार, चाराची तीन. आणि तीन ही मूळ संख्या, तिला एकाशिवाय कुणाचाच भाग जात नाही. म्हणून एक. संपलं. काही संख्या अशा भराभर संपतात. सहासारखी एखादी स्वतःपाशीच फिरत बसते. आणि काही वर चढत जातात, कुठवर ते कुणालाच ठाऊक नाही.

या खेळात नवशिका माणूस हमखास एकच चूक करतो. बेरजेत एक धरायला विसरतो. एकानं सगळ्यांनाच भाग जातो, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. धाकट्याला मोठे भागाकार जमत नसत. त्याला एवढंच काम दिलेलं. ताई विभाजक मोजून दाखवायची आणि तो टेबलाखालून ओरडायचा, "आणि एक!" मग हिरव्या पेन्सिलीनं वहीच्या पहिल्या ओळीत तो एक काढायचा. तिरका, वर चोच असलेला. म्हणून एक्का. "याला विसरलात तर सगळं घर चुकेल," अण्णा म्हणायचे आणि त्याच्या डोक्यावर टपली मारायचे.

अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या जोडीदारानं चिठोऱ्यावर एक संख्या लिहून दिली होती. "घ्या. ही संपली की कळवा." तो जोडीदार जाऊन बारा वर्षं झाली, संख्या काही संपली नाही. एकोणीस वर्षं, एक्केचाळीस वह्या. कधी ती अब्जांच्या घरात गेली आणि एकेका पायरीला महिना लागला, कधी लाखांवर उतरली. पद्धत तीच. एकानं काढायचं, दुसऱ्यानं पडताळायचं, वाचून दाखवल्याशिवाय वहीत शाईनं उतरायचं नाही, आणि पहिल्या ओळीत हिरव्या पेन्सिलीचा एक. आता तो अण्णा स्वतः काढायचे, पण तसाच, चोचीचा.

कारण एक्का घरात नव्हता. तो जहाजावर इंजिनियर होता आणि सहा वर्षांत घरी फिरकला नव्हता. भांडण कशावरून झालं ते आता सांगून उपयोग नाही. बापलेकांची भांडणं मुळात असतात एवढीएवढी. पण अण्णा बोलायला फटकळ. चपला घालत असलेल्या मुलाला ते म्हणाले होते, "तू नसलास तरी या घराचं काही अडत नाही." तो निघून गेला. ताई दारात उभी होती.

यंदा अण्णा आजारी पडले. अठ्ठ्याहत्तर वय, काही ना काही व्हायचंच. पण ते कसं आणि कधी झालं, हे ताईच्या मनातून जाईना. संख्या बरीच वर्षं सम होती. "सम आहे तोवर काळजी नाही," अण्णा म्हणत, "विषम झाली की उतार लागलाच म्हणून समज." सम संख्येची बेरीज विषम यायची, तर ती संख्या पुरा वर्ग असावी लागते, नाहीतर वर्गाची दुप्पट. असं क्वचित होतं. ते एका मंगळवारी झालं. अण्णांनी बेरीज पाहिली, पेन खाली ठेवलं, हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले आणि तिथंच पडले.

योगायोग. ताई वजनमापे खात्यात निरीक्षक होती. सव्वीस वर्षं दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपांची मापं, गोदामांचे काटे तपासून शिक्के मारत होती. सुई का हलली हे कळल्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवत नसे. अण्णांचा ताप, जेवण, नाडी हे सगळं ती तारखेनुसार लिहीत होती, आणि अण्णांच्या हट्टाखातर रोजची पायरीही तीच काढत होती. दोन्ही कागद एकाच टेबलावर. तिसऱ्या आठवड्यात तिनं ते शेजारी शेजारी ठेवले. संख्या ज्या दिवशी उतरली, त्या त्या दिवशी अण्णाही खालावले होते. तिनं पटकन एक कागद उचलून कपाटात टाकला.

एक दिवस तिनं पायरी काढलीच नाही. बघू या, म्हटलं. त्या दिवशी अण्णांचा ताप सहा वेळा घेतला. सहाही वेळा नव्याण्णव पूर्णांक चार. डोळे उघडे, छताकडे. तिनं विचारलं, "पाणी देऊ?" ते म्हणाले, "किती वाजले?" तासाभरानं पुन्हा विचारलं, "पाणी देऊ?" ते म्हणाले, "किती वाजले?" त्याच सुरात, तेवढाच श्वास घेऊन. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा. अडकलेल्या काट्यासारखं ते माणूस पाहून तिला रडू फुटलं आणि ती घाण्याला जाऊन बसली. पायरी निघाली, तसे अण्णांनी डोळे मिटले आणि कूस बदलली.

त्यानंतर तिनं दुसऱ्यांदा तसा प्रयोग केला नाही.

डॉक्टर म्हणाले, "आठवडा धरा. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." तिनं जहाजावर निरोप धाडला. दोन दिवसांनी एक्क्याचा फोन आला. आवाज लांबून, मध्ये खरखर. "ताई, शनिवारी बंदराला लागतोय. रविवारी सकाळी दहाला घरी. त्यांना थांबायला सांग."

"सांगते."

"आणि ताई… रागावलेत का अजून?"

"तूच विचार येऊन," ती म्हणाली.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रविवार का? जमवतो. एवढं एक वाक्य परत घ्यायचंय मला. दुसरं काही नाही राहिलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायलाही त्यांचा हात वर आला नाही. ताईनं पुसलं.

बुधवारची संख्या होती दोन कोटी सेहेचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार एक्क्याण्णव. विषमच. एकोणीसनं भाग गेला. उरली बारा लाख नव्याण्णव हजार सहाशे एकोणनव्वद, आणि तिला संध्याकाळपर्यंत कशाचाही भाग जाईना. ती मूळच निघाली. म्हणजे विभाजक तीनच. एक, एकोणीस आणि ती. गुरुवारी सकाळी ताईनं रजा टाकली आणि कच्च्या कागदावर बेरीज मांडली. बारा लाख नव्याण्णव हजार सातशे नऊ. दोन कोटींवरून एका पायरीत तेरा लाखांच्या आत. आतल्या खोलीत अण्णांचा श्वास तिला टेबलापर्यंत ऐकू येत होता.

हीसुद्धा मूळ असली तर? मूळ संख्येला एकाचाच भाग. बेरीज एक. संपलं.

ती तपासायला बसली. या संख्येचं वर्गमूळ अकराशे चाळीसच्या किंचित पुढे. तिथवरच्या मूळ संख्या एकशे एकोणनव्वद. त्यांतल्या एकीनंही भाग गेला नाही तर संख्या मूळ, यात कुणाच्या मताला जागा नाही. तिनं यादी समोर ठेवली. सात. टिंग, एक फेरा उलटा, बाकी उरली. अकरा. टिंग. तेरा. टिंग. बारा वाजता ती तीनशेच्या पुढे होती. दांड्यानं तळहाताला फोड आला, त्यावर रुमाल बांधला. दोन वाजता सातशे. आयुष्यात पहिल्यांदा ती एखाद्या काट्याकडे चूक निघू दे म्हणून बघत होती.

चार वाजता एकशे एकोणनव्वदावी झाली. टिंग. बाकी उरली.

रविवारला तीन दिवस होते.

ताई तशीच बसून राहिली. मग तिनं वही ओढली. बुधवारचं पान उतरायचं बाकी होतं. दुसऱ्या ओळीत तिनं एकोणीस लिहिलं, तिसऱ्या ओळीत बारा लाख नव्याण्णव हजार सहाशे एकोणनव्वद. पहिली ओळ तिनं कोरी सोडली. त्या दोघांचीच बेरीज केली तर शेवटी नऊच्या जागी आठ येतात, बाकी सगळं तेच. आणि ही संख्या सम. बारानं भाग जाणारी, छत्तीसनंही जाणारी. पुढे चढत जाणारी. नवशिका करतो ती चूक. फक्त एकाची.

आमच्या खात्यात हजारी एकाची तफावत चालते, तिनं स्वतःला सांगितलं. इथं तेरा लाखांत एक. असा काटा समोर आला असता तर मी हसत शिक्का मारला असता. चार दिवसांपुरतं आहे. तो आला, भेटला, की मी एक मिळवून टाकीन. हे सगळं तिनं स्वतःला अगदी सरळ आवाजात सांगितलं, आणि तरी तराजूची दांडी मारताना पकडलेल्या दुकानदारासारखे तिचे कान तापले होते.

वही घेऊन ती आत गेली. "अण्णा, वाचते."

"हं."

"बारा लाख नव्याण्णव हजार सातशे… आठ."

अण्णांनी डोळे उघडले. "सम?"

"सम."

"पाहिलंस नीट?"

इतक्या वर्षांत ते स्वतः बेरीज फिरवून पाहिल्याशिवाय राहिले नव्हते. त्यांचा हात चादरीवरून उचलला गेला आणि पुन्हा पडला. "तू पाहिलंस ना, ताई? मग झालं," ते म्हणाले.

तिनं बाहेर येऊन शाईनं आठ लिहिला.

शुक्रवारी सकाळी सातला दांड्याच्या आवाजानं ताई जागी झाली. अण्णा घाण्याला बसले होते. अंगात स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. "ये," ते म्हणाले. "ही तर चढतेय! छत्तीसनं भाग जातो बघ. भूक लागलीय मला." तिला कोण आनंद झाला. तिनं चहा केला, पोळी भाजी केली, त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्यांचं कपाळ गार लागत होतं. तापमापकात साडेअठ्ठ्याण्णव.

मग तिनं वहीत पाहिलं. अण्णांनी विभाजक ओळीनं लिहिले होते, दोनपासून.

"अण्णा, एक राहिला."

"कुठला एक?"

"पहिल्या ओळीतला."

अण्णांनी पान पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हसले. "जाग्रणं झालीत तुझी. झोप जरा, बाळ."

आजारातून उठलेलं माणूस, चुकतं. तिनं पेन्सिलींच्या डब्यात हिरवी शोधली. डब्यात लाल होती, निळी होती, शिसाच्या तीन होत्या. डबा तिनं टेबलावर उपडा केला. हिरवी नव्हती. मग ती निळ्या पेननं एक लिहायला गेली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की अण्णा तिला 'बाळ' म्हणाले होते.

दुपारी तिनं एक्क्याला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं यंत्रातली बाई म्हणाली. जहाज समुद्रात असलं की लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण न लागणं वेगळं आणि नसणं वेगळं. तिनं आकडे तपासून पुन्हा लावला. तीच बाई, तेच वाक्य.

शनिवारी शिवणाऱ्या बाई वर आल्या. अण्णांना उभं पाहून त्यांनी तोंडावर हातच ठेवला. "अगंबाई! दृष्ट लागेल हो. काल संध्याकाळी खाली उतरून मला चिडवून गेले, बाई, तुमचं मशीन कुरकुरतंय म्हणून." ताई धाकट्याच्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर घालत होती. बाई दारात टेकल्या. "पाहुणे येणारेत वाटतं?"

"उद्या भाऊ येतोय ना माझा."

"चुलत का?"

"सख्खा. एक्का. त्याच्या विजारी नाही का तुम्ही शिवायच्यात? गुडघ्यावर फाडून आणायचा…"

बाई फार हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच ना अण्णांना? तीस वर्षं मी खाली राहते."

ताईनं चादरीची घडी हातात धरली होती. ती तिनं नीट पलंगावर ठेवली, उशीवरून हात फिरवला. बाई गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेली. तिथं आईनं दोघांची उंची खिळ्यानं कोरून ठेवली होती, डावीकडे ताईची, उजवीकडे त्याची. डावीकडे अकरा रेघा होत्या. उजवीकडचं लाकूड गुळगुळीत होतं. तिनं बोटं फिरवून पाहिली, मग नख फिरवून पाहिलं.

रविवारी दहा वाजले.

साडेदहा वाजले. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्हाला एक वाक्य परत घ्यायचं होतं. आठवतं?"

अण्णा बूट घालत होते. आज चौकापर्यंत जाऊन यायचं म्हणत होते. "कसलं वाक्य?"

"सहा वर्षांपूर्वी या दारात बोलला होतात ते."

"कुणाला?"

तिनं सांगितलं. नाव सांगितलं, नातं सांगितलं, टेबलाखालून कसा ओरडायचा तेसुद्धा सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती तिच्याबद्दलची होती.

"बाळ, तुझ्यामागे झालंच नाही गं दुसरं," ते म्हणाले. "तुझी आई फार म्हणायची, एक असता."

ताई टेबलापाशी आली. वही उघडली. कोरी ओळ समोर होती. फक्त एक रेघ ओढायची, खाली आठाचे नऊ करायचे. पुढे काय होणार ते एकशे एकोणनव्वद वेळा घंटा वाजवून तिला सांगून झालं होतं.

तिनं पेन टेकवलं.

दारातून अण्णांची शीळ ऐकू आली. आई गेल्यापासून त्यांनी शीळ घातली नव्हती.

"चलतेस का गं? ऊन बरं आहे बाहेर."

एक दिवस, तिला वाटलं. फक्त आजचा. यांना एकदा उन्हात चालताना बघू दे. उद्या सकाळी उठल्याबरोबर पहिलं काम तेच. तिनं कागदाचा तुकडा फाडला, त्यावर ठळक अक्षरात 'एक विसरू नकोस' असं लिहिलं आणि त्या पानात ठेवला.

"आले," ती म्हणाली.

सोमवारी तिला जाग आली ती खूप दिवसांनी पुरती झोप झाल्यासारखी. बाहेरच्या खोलीत दांडा फिरत होता. चहा ठेवायला जाताना मधल्या रिकाम्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती, उशीला नवा अभ्रा. कशाला घातली असेल मी, असं मनाशी म्हणत तिनं चादर काढली, घडी केली आणि कपाटात ठेवून दिली. कचेरीत त्या दिवशी तिनं तीन काटे नापास केले.

अण्णांची तब्येत सुधारतच गेली. डॉक्टर म्हणाले, आमचंच काहीतरी चुकलं असेल. संख्या वर वर जात होती. पावसाळा सरला, थंडी पडली, आणि एका रविवारी दुपारी दोघांनी जुन्या वह्या पडताळायला काढल्या. अण्णा वाचायचे, ती यंत्रावर घ्यायची. खालची बेरीज खिडकीत मांडायची, वरचे विभाजक एकेक करून वजा करायचे, शेवटी शून्य आलं की पान बरोबर.

पहिल्याच पानावर खिडकीत एक उरला.

दुसऱ्या पानावरही एक. तिसऱ्यावरही. प्रत्येक पानाची पहिली ओळ कोरी होती, आणि प्रत्येक बेरीज एकानं जास्त. एकोणीस वर्षं.

"मी इतका गाढव होतो?" अण्णा म्हणाले आणि हसायला लागले. "हा एक आणला कुठून मी दर वेळी?"

तीही हसली. हसताना डोळ्यांत एकदम पाणी भरलं. का, ते तिला कळलं नाही. थंडीनं असेल.

चाळत चाळत ते त्या बुधवारच्या पानापाशी आले. पानात कागदाचा तुकडा होता. अक्षर तिचंच. 'एक विसरू नकोस.' तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"काय आहे?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. माझंच काहीतरी."

तिनं बारा लाख नव्याण्णव हजार सातशे आठ मांडले. एकोणीस वजा केले. बारा लाख नव्याण्णव हजार सहाशे एकोणनव्वद वजा केले. खिडकीत एका ओळीत सगळी शून्यं आली.

"हे बघ, हे पहिलं बरोबर पान," अण्णा म्हणाले.

टिंग.

दोघांनी यंत्राकडे पाहिलं. खिडकीत शून्य होतं. तिनं पुन्हा मांडून पुन्हा वजा केलं. शून्य. टिंग. तिसऱ्यांदाही.

"शून्यावर वाजत नाही ती," अण्णा म्हणाले. "जुनं झालंय. स्प्रिंग ढिली पडली असेल. काहीतरी अडकव आत."

हातात तो कागद होताच. तिनं त्याची चार पदरी घडी घातली, झाकण उघडून घंटा आणि तिच्यावर आपटणारी हातोडी यांच्यामध्ये घट्ट बसवली, आणि पान उलटलं. त्यानंतर घंटा वाजली नाही.